महाविद्यालयीन संगणकांवरील खुले पोर्ट आणि त्यांमागील सेवा : शोध, वाचन व नोंद
(चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील महाविद्यालयांच्या संदर्भात)

प्रस्तावना

चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. पुढे २०११ मध्ये या दोन्ही जिल्ह्यांसाठी गडचिरोली येथे गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले. वनांनी व्यापलेल्या या परिसरातील महाविद्यालये एकमेकांपासून दूरदूर वसलेली आहेत. सिरोंचा ते गडचिरोली हे अंतरच सुमारे दोनशे किलोमीटर आहे. असे असले तरी प्रवेश, परीक्षा अर्ज, शिष्यवृत्ती, वेतनपत्रके आणि ग्रंथालयाची देवघेव ही कामे येथेही संगणकावरच होतात. विद्यार्थ्याचे जातप्रमाणपत्र, आधार क्रमांक, बँक खात्याचा तपशील आणि गुणपत्रिका अनेकदा कार्यालयातील एकदोन संगणकांतच साठविलेली असते.

अशा लहान महाविद्यालयांत पूर्णवेळ संगणक तंत्रज्ञ क्वचितच असतो. विज्ञान अथवा वाणिज्य शाखेच्या एखाद्या अध्यापकाकडे संगणक कक्षाचा प्रभार सोपविला जातो आणि मोठी दुरुस्ती चंद्रपूर किंवा नागपूरहून येणाऱ्या माणसावर अवलंबून राहते. त्यातच ‘येथे इंटरनेट जेमतेम चालते, मग आपल्या संगणकात कोण शिरणार?’ असाही एक समज आढळतो. हा समज कितपत खरा आहे, हे ठरविण्यासाठी आपला संगणक कोणकोणत्या वाटा उघड्या ठेवून बसला आहे, हे आधी कळावयास हवे.

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :

१. पोर्ट व सेवा यांतील संबंध स्पष्ट करणे.
२. खुला पोर्ट कोणत्या सेवेचा आहे, हे शोधण्याची पद्धती मांडणे.
३. मिळालेल्या माहितीवरून कोणती सेवा ठेवावी व कोणती थांबवावी, याचे निकष सुचविणे.

पोर्ट : संकल्पना

जाळ्यातील प्रत्येक संगणकाला एक पत्ता असतो. परंतु एकाच संगणकावर एकाच वेळी अनेक कार्यक्रम चालत असल्याने आलेला संदेश त्यांपैकी कोणाकडे द्यावयाचा, हे ठरविण्यासाठी आणखी एका क्रमांकाची गरज भासते. हा क्रमांक म्हणजे पोर्ट होय. तो सोळा बिटांचा असल्याने ० ते ६५५३५ या मर्यादेत असतो. टीसीपी आणि यूडीपी या दोन संदेशवहन पद्धतींचे पोर्ट स्वतंत्रपणे मोजले जातात. ० ते १०२३ हे क्रमांक सर्वपरिचित सेवांसाठी राखलेले आहेत. १०२४ ते ४९१५१ हे नोंदणीकृत, तर ४९१५२ पासून पुढील क्रमांक तात्पुरत्या वापरासाठी आहेत.

ही संकल्पना समजण्यास चंद्रपूरच्या परकोटाचे उदाहरण उपयुक्त ठरेल. गोंड राजांच्या काळात उभारलेल्या या तटबंदीला जटपुरा, पठाणपुरा, अंचलेश्वर व बिनबा असे चार मोठे दरवाजे आहेत. त्यांखेरीज बगड खिडकी, विठोबा खिडकी यांसारख्या लहान वाटाही आहेत. तट कितीही मजबूत असला, तरी नगराच्या रक्षणासाठी वाटा किती, प्रत्येक वाटेवर पहारा कोणाचा आणि ती वाट कोणाच्या सोयीसाठी ठेवली आहे, हे ठाऊक असावेच लागते. मोठे दरवाजे सर्वांच्या लक्षात राहतात. विसर पडतो तो खिडक्यांचा.

या उपमेला मात्र एक मर्यादा आहे. दरवाजा माणूस नसतानाही उघडा राहू शकतो. पोर्टचे तसे नसते. एखादा कार्यक्रम त्या क्रमांकावर येणाऱ्या हाकेकडे कान देऊन बसला असेल, तरच तो पोर्ट खुला असतो. कार्यक्रम थांबला की पोर्ट आपोआप बंद होतो. म्हणून ‘कोणता पोर्ट खुला आहे?’ या प्रश्नापेक्षा ‘तो कोणी खुला ठेवला आहे?’ हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

दुर्लक्षित सेवांचा धोका : तीन घटना

या प्रश्नाचे महत्त्व तीन घटनांवरून स्पष्ट होते.

पहिली घटना २५ जानेवारी २००३ ची आहे. ‘एसक्यूएल स्लॅमर’ नावाचा अवघ्या ३७६ बाइटांचा संगणक-कृमी यूडीपी १४३४ या पोर्टवरून पसरला आणि बाधित होण्यासारख्या संगणकांपैकी बहुतेक संगणक त्याने सुमारे दहा मिनिटांत गाठले. या दोषावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने जुलै २००२ मध्येच उपलब्ध करून दिली होती. तरीही अनेकांनी ती बसविली नाही. कारण आपल्या संगणकावर ही विदासंच सेवा आहे, हेच त्यांना माहीत नव्हते. दुसऱ्याच एखाद्या सॉफ्टवेअरबरोबर ती नकळत आली होती.

दुसरी घटना १२ मे २०१७ रोजी सुरू झालेल्या ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर कृमीची आहे. विंडोजमधील फाइल-वाटप सेवेच्या, म्हणजे टीसीपी ४४५ या पोर्टच्या मार्गाने तो जगभर पसरला. येथेही दुरुस्ती दोन महिने आधीच, १४ मार्च २०१७ रोजी, प्रसिद्ध झाली होती.

तिसरी घटना महाराष्ट्रातील आहे. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ या कृमीने मर्स्क या जहाज कंपनीची संगणक यंत्रणा ठप्प केली. परिणामी न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील, याच समूहाकडून चालविल्या जाणाऱ्या टर्मिनलचे कामकाज विस्कळीत झाले. हा कृमी युक्रेनमधील एका लेखा-सॉफ्टवेअरच्या अद्यतनातून शिरला होता. आत शिरल्यानंतर चोरलेले पासवर्ड आणि तोच ४४५ क्रमांकाचा पोर्ट यांच्या साह्याने तो कार्यालयांच्या अंतर्गत जाळ्यात एका संगणकावरून दुसऱ्यावर गेला.

या तिसऱ्या घटनेतून दुर्गम भागातील महाविद्यालयांनी घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. इंटरनेट मंद असणे किंवा अधूनमधून बंद राहणे हे संरक्षण नव्हे. एका पेनड्राइव्हमधून अथवा एका ई-मेलमधून आलेला कृमी एका संगणकावर पोहोचला, तरी पुढचा प्रवास तो प्रयोगशाळा, ग्रंथालय व कार्यालय यांना जोडणाऱ्या अंतर्गत जाळ्यातूनच करतो. त्या प्रवासास बाहेरच्या इंटरनेटची गरज नसते.

शोधाची पद्धती

खुले पोर्ट शोधण्यासाठी कोणतेही सॉफ्टवेअर विकत घ्यावे लागत नाही. आवश्यक साधने संगणकातच असतात.

विंडोजमध्ये सर्वांत सोपा मार्ग ‘रिसोर्स मॉनिटर’ हा होय. तो उघडून ‘नेटवर्क’ या विभागात गेल्यास ‘लिसनिंग पोर्ट्स’ या शीर्षकाखाली कार्यक्रमाचे नाव, त्याचा प्रक्रिया क्रमांक, पत्ता, पोर्ट, टीसीपी की यूडीपी आणि फायरवॉलची स्थिती हे सर्व एकाच तक्त्यात दिसते. प्रथमच हे काम करणाऱ्यास हा मार्ग पुरेसा आहे.

दुसरा मार्ग ‘नेटस्टॅट’ या आज्ञेचा. युनिक्सच्या बर्कली आवृत्तीत १९८३ च्या सुमारास आलेली ही आज्ञा आजही विंडोजमध्ये उपलब्ध आहे. ‘कमांड प्रॉम्प्ट’ प्रशासकाच्या अधिकाराने उघडावा. त्यात नेटस्टॅट हा शब्द, एक मोकळी जागा, उणे चिन्ह आणि त्याला जोडून ए, एन व ओ ही लहान लिपीतील रोमन अक्षरे टंकावीत. ‘ए’ मुळे सर्व जोडण्या व ऐकणारे पोर्ट दिसतात, ‘एन’ मुळे नावांऐवजी क्रमांक दिसतात आणि ‘ओ’ मुळे प्रत्येक ओळीच्या शेवटी प्रक्रिया क्रमांक येतो. ‘ओ’ ऐवजी ‘बी’ वापरल्यास थेट कार्यक्रमाच्या फाइलचे नाव मिळते. पण त्यास वेळ अधिक लागतो.

प्रक्रिया क्रमांक मिळाल्यानंतर तो ‘टास्क मॅनेजर’च्या ‘डिटेल्स’ या विभागात शोधावा. पुष्कळदा तेथे ‘एसव्हीसीहोस्ट’ एवढेच नाव दिसते व शोध खुंटल्यासारखा वाटतो. हा कार्यक्रम म्हणजे विंडोजच्या विविध सेवांना चालविणारा यजमान आहे. त्याच्या पोटात नेमकी कोणती सेवा आहे, ते ‘टास्कलिस्ट’ या आज्ञेपुढे तिरकी रेघ व एसव्हीसी ही अक्षरे जोडल्यास कळते. ‘टास्क मॅनेजर’मधील ‘सर्व्हिसेस’ हा विभागही हीच माहिती देतो.

लिनक्सवर आता ‘एसएस’ ही आज्ञा अधिक प्रचलित आहे. तिच्यापुढे उणे चिन्हासह टी, यू, एल, पी व एन ही अक्षरे दिल्यास टीसीपी व यूडीपीचे केवळ ऐकणारे पोर्ट व त्यांमागील प्रक्रिया दिसतात. इतर वापरकर्त्यांच्या प्रक्रियांची नावे दिसण्यासाठी ती ‘सुडो’सह द्यावी लागते.

मिळालेल्या माहितीचे वाचन

माहितीचा तक्ता समोर आल्यावर तीन गोष्टी क्रमाने पाहाव्यात.

पहिली गोष्ट म्हणजे स्थिती. ‘लिसनिंग’ असे लिहिलेली ओळ खुला पोर्ट दर्शविते. ‘एस्टॅब्लिश्ड’ म्हणजे त्या क्षणी चालू असलेली जोडणी. वेबपृष्ठ उघडले असले तरी अशा अनेक ओळी दिसतात व त्यांनी घाबरून जाण्याचे कारण नाही. यूडीपीत जोडणीच नसल्याने त्यापुढे कोणतीही स्थिती लिहिलेली नसते.

दुसरी गोष्ट म्हणजे पोर्टच्या आधी येणारा पत्ता. हा भाग बहुधा दुर्लक्षित राहतो; वस्तुतः निर्णय त्यावरच अवलंबून असतो. १२७.०.०.१ असा पत्ता असल्यास ती सेवा केवळ त्याच संगणकातील कार्यक्रमांना उत्तर देते. घरातल्या घरात उघडणाऱ्या दारासारखी ती असते. ०.०.०.० असा पत्ता असल्यास ती सेवा संगणकाच्या सर्व जोडण्यांवर कान देऊन बसलेली आहे. एकच पोर्ट पहिल्या स्थितीत निरुपद्रवी, तर दुसऱ्या स्थितीत जोखमीचा असू शकतो.

तिसरी गोष्ट म्हणजे प्रक्रियेची ओळख. केवळ पोर्ट क्रमांकावरून सेवा निश्चित करणे योग्य नव्हे. क्रमांक हा संकेत आहे, बंधन नाही. ८० या पोर्टवर वेब सेवेऐवजी अन्य कार्यक्रमही बसू शकतो. प्रयोगशाळेतील एक नेहमीचा अनुभव येथे उद्बोधक ठरेल. विद्यार्थी झॅम्प सुरू करतात आणि ‘८० क्रमांकाचा पोर्ट आधीच वापरात आहे’ या संदेशासह अपाची सुरू होत नाही. नेटस्टॅटमध्ये त्या पोर्टपुढे प्रक्रिया क्रमांक ४ दिसतो व टास्क मॅनेजर त्यास ‘सिस्टम’ असे म्हणतो. ही प्रक्रिया म्हणजे विंडोजचा गाभाच असल्याने ती बंद करता येत नाही, करूही नये. गाभ्यातील एचटीटीपी घटकामार्फत आयआयएससारखी एखादी सेवा तो पोर्ट वापरीत असते. ती सेवा थांबविल्यास पोर्ट मोकळा होतो. खुल्या पोर्टचा मालक आणि त्याचा खरा लाभार्थी हे भिन्न असू शकतात, हे या उदाहरणातून विद्यार्थ्यांनाही चांगले समजते.

महाविद्यालयात सामान्यतः आढळणाऱ्या सेवा

विविध विभागांतील संगणकांवर पुढील सेवा आढळण्याचा संभव अधिक असतो.

१. सर्व विंडोज संगणक : १३५ (दूरस्थ कार्यवाहन सेवा), १३९ व ४४५ (फाइल व प्रिंटर वाटप).
२. कार्यालय : टॅलीचा ९०००; रिमोट डेस्कटॉपचा ३३८९.
३. ग्रंथालय : एसक्यूएल सर्व्हरचा १४३३ व त्याच्या शोधसेवेचा यूडीपी १४३४; मायएसक्यूएलचा ३३०६; कोहा वापरात असल्यास वाचकांसाठी ८० व कर्मचाऱ्यांसाठी ८०८०.
४. प्रयोगशाळा : झॅम्पचे ८०, ४४३ व ३३०६.
५. अन्य उपकरणे : प्रिंटरचा ९१००, बायोमेट्रिक हजेरी यंत्राचा ४३७०, सीसीटीव्हीचा ५५४.

हे क्रमांक त्या त्या सॉफ्टवेअरचे प्रारंभिक क्रमांक आहेत. बसविणाऱ्याने ते बदललेले असू शकतात.

यांतील ग्रंथालयाच्या सेवांकडे विशेष लक्ष द्यावयास हवे. इन्फ्लिबनेटच्या सोलसारख्या संगणकप्रणालीमागे विदासंच सेवा चालते. ग्रंथालयात देवघेव, तालिकीकरण व वाचककक्ष असे तीन-चार संगणक एकाच विदासंचाशी जोडलेले असल्यास तो पोर्ट जाळ्यावर खुला असणे गरजेचेच आहे. पण एकाच संगणकावर सर्व काम होत असेल, तर तो बाहेर खुला ठेवण्याचे काहीही प्रयोजन उरत नाही. एसक्यूएल सर्व्हरच्या एक्सप्रेस आवृत्तीत टीसीपीमार्गे प्रवेश प्रारंभी बंदच असतो; तो खुला दिसला, तर कोणीतरी मुद्दाम उघडला असे समजावे आणि त्याचे कारण विचारावे. झॅम्पबाबतही तसेच. त्यातील मायएसक्यूएलच्या मुख्य खात्यास प्रारंभी पासवर्ड नसतो. विद्यार्थ्यांचा सराव त्याच संगणकावर चालत असल्याने ही सेवा १२७.०.०.१ या पत्त्यापुरती मर्यादित केल्यास अध्यापनात कसलीही अडचण येत नाही.

उपकरणांचा प्रश्न वेगळा आहे. कॅमेरे व हजेरी यंत्रे हीही संगणकच आहेत. परंतु त्यांवर नेटस्टॅट चालविता येत नाही. २०१६ मध्ये ‘मिराई’ या कृमीने कारखान्यातूनच आलेले पासवर्ड न बदललेले लाखो कॅमेरे व राउटर टेलनेट सेवेमार्गे ताब्यात घेतले होते. अशा उपकरणांची तपासणी बाहेरूनच करावी लागते.

बाहेरून पडताळणी

आतून घेतलेली यादी सेवा कोठे ऐकते, एवढेच सांगते. दुसऱ्या संगणकाला ती खरोखर दिसते का, हे सांगत नाही. दोहोंमध्ये फायरवॉल असते. त्यासाठी जाळ्यातील दुसऱ्या संगणकावरून पडताळणी करणे आवश्यक आहे. गॉर्डन लायन यांनी १९९७ मध्ये प्रथम प्रसिद्ध केलेले ‘एनमॅप’ हे विनामूल्य साधन यासाठी जगभर वापरले जाते. ते प्रत्येक पोर्टची स्थिती खुला, बंद अथवा गाळलेला अशी कळविते. ‘गाळलेला’ म्हणजे फायरवॉलने वाट अडविली आहे. आत सेवा चालू आहे की नाही, ते बाहेरून समजत नाही.

येथे कायद्याचे भान ठेवणे अगत्याचे आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ नुसार संगणकाच्या मालकाच्या अनुमतीवाचून त्यात प्रवेश करणे वा त्यात व्यत्यय आणणे हे भरपाईस पात्र ठरते आणि अप्रामाणिक किंवा कपटी हेतू असल्यास कलम ६६ नुसार तो गुन्हा ठरतो. म्हणून अशी तपासणी केवळ आपल्याच महाविद्यालयाच्या जाळ्यात, प्राचार्यांच्या लेखी अनुमतीने व कार्यालयीन कामाची वेळ टाळून करावी. विद्यार्थ्यांकडून प्रात्यक्षिक करून घेताना हे बंधन त्यांना प्रथम सांगावे.

ठेवावे की थांबवावे?

प्रत्येक खुल्या पोर्टबाबत तीन प्रश्न विचारावेत : ही सेवा कोणाला लागते? ती दुसऱ्या संगणकावरून लागते का? तिची दुरुस्ती-अद्यतने अजून मिळतात का? पहिल्या प्रश्नास उत्तर नसेल, तर सेवा थांबवून ‘सर्व्हिसेस’मध्ये तिचा प्रारंभ ‘डिसेबल्ड’ करावा. दुसऱ्याचे उत्तर नकारार्थी असेल, तर ती १२७.०.०.१ पुरती मर्यादित करावी किंवा फायरवॉलने अडवावी. तिसऱ्याचे उत्तर नकारार्थी असेल, तर तो संगणक जाळ्यापासून अलग ठेवणे इष्ट. विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० रोजी, तर विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, हे या संदर्भात ध्यानात घ्यावे.

मात्र अनोळखी दिसणारी प्रत्येक सेवा घाईने बंद करणेही चूकच. १३५ हा पोर्ट ठेवणारी सेवा थांबविल्यास विंडोजची अनेक कामे अडतात. अशा वेळी सेवा न थांबविता फायरवॉलचा आधार घ्यावा. एका वेळी एकच बदल करावा आणि एक दिवस कामकाज पाहून पुढचा बदल करावा.

पद्धतीच्या मर्यादा

ऐकणाऱ्या पोर्टची यादी निर्दोष आली म्हणजे संगणक निर्धोक झाला, असे नव्हे. एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर यांसारखी दूरस्थ-साह्य साधने स्वतःहून बाहेरच्या मध्यस्थ सर्व्हरशी जोडणी करून ठेवतात. त्यांना प्रवेशासाठी खुल्या पोर्टची गरजच नसते. तंत्रज्ञ दोनशे किलोमीटरवर असलेल्या महाविद्यालयांत ही साधने सोयीची व कधीकधी अपरिहार्य असतात. परंतु काम संपल्यावरही ती चालू राहिली आणि त्यांचा पासवर्ड अनेकांना माहीत असला, तर बंद दरवाजांचा उपयोग राहत नाही. यासाठी ‘एस्टॅब्लिश्ड’ जोडण्यांचीही पाहणी आवश्यक ठरते. शिवाय एखादा कावेबाज कृमी नेटस्टॅटलाच खोटे उत्तर द्यावयास लावू शकतो. आतून व बाहेरून घेतलेल्या याद्या जुळत नसतील, तर ते गंभीर लक्षण समजावे.

नोंदवहीची आवश्यकता

एकदा केलेली तपासणी फारशी उपयोगी नाही. तुलना करता येते ती नोंद असल्यास. महाविद्यालयात जडवस्तू संग्रह नोंदवही असते, तशीच खुल्या पोर्टची नोंदवही ठेवता येईल. तीत संगणक, पोर्ट, पत्ता, सेवा, प्रयोजन, जबाबदार व्यक्ती व तपासणीचा दिनांक एवढे सात रकाने पुरेत. प्रत्येक सत्राच्या प्रारंभी आणि नवे सॉफ्टवेअर बसविल्यानंतर तपासणी करून आधीच्या नोंदीशी ती ताडून पाहावी. जी ओळ नव्याने आली व जिच्या ‘प्रयोजन’ रकान्यात काही लिहिता येत नाही, तीच शोधाची खरी दिशा होय. प्रभारी अध्यापकाची बदली वा निवृत्ती झाल्यास हे ज्ञान संस्थेकडे टिकून राहते, हा आणखी एक लाभ.

भारतीय संगणक आपत्कालीन प्रतिसाद संस्था, म्हणजे सर्ट-इन, हिने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार विहित प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत कळवावयाच्या आहेत. एवढ्या अल्पावधीत नेमके काय घडले, हे सांगण्यासाठी अशी नोंद जवळ असणे मोलाचे ठरेल.

समारोप

आदिवासी व ग्रामीण विद्यार्थी प्रवेशाच्या वेळी आपली कागदपत्रे महाविद्यालयाच्या स्वाधीन करतो, ती विश्वासाने. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ ने या विदेच्या रक्षणासाठी वाजवी उपाय योजण्याची जबाबदारी ती बाळगणाऱ्यावर टाकली असून, त्यातील तरतुदी टप्प्याटप्प्याने अमलात येत आहेत. या उपायांपैकी पहिला उपाय विनाखर्च आहे व तो तंत्रज्ञाची वाट न पाहता अध्यापकास स्वतः करता येतो : वाटा मोजणे, प्रत्येकीचा पहारेकरी ओळखणे आणि निष्प्रयोजन वाट बंद करणे. ग्रंथालयातील एखादा विदासंच ०.०.०.० वरून १२७.०.०.१ वर आणणे हा काही मिनिटांचा बदल आहे. त्यासाठी तो विदासंच तेथे आहे, हे मात्र आधी माहीत असावे लागते.